स्टार्नबर्गची दृष्ट

"आई, कॉल संपेपर्यंत मिक्सर नाही, कुकर नाही, आणि खोकलासुद्धा नाही," उल्काने सासूला बजावलं आणि स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं.

हौसाबाईंनी त्या दाराकडे असं पाहिलं, की लोखंडाचं असतं तरी वितळलं असतं.

गिरीशची, म्हणजे त्यांच्या लेकाची, नोकरी कतारच्या हमद पोर्टवर. आता कंपनी त्याला म्युनिकला पाठवत होती. पण महिनाअखेरपर्यंत तिथे घर ठरलं नाही, तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. आणि जर्मनीत घर नुसतं पैसे टाकून मिळत नाही. मालक आधी माणसं पारखून घेतो, मुलगी बघायला आल्यासारखा. कितीतरी नकार पचवल्यावर जवळच्या स्टार्नबर्ग गावातलं एकच घर उरलं होतं, आणि त्याच्या मालकीण बिर्गिटबाई आज व्हिडिओवर कुटुंब बघणार होत्या. त्यांची अट एकच: भाडेकरू शांत हवेत. म्हणून अल रय्यानच्या त्या फ्लॅटमधली सगळ्यात मोठ्या आवाजाची वस्तू आत कोंडली होती.

पण दाराला फट असते आणि हौसाबाईंना डोळे होते.

हॉलमधल्या लॅपटॉपवर बिर्गिटबाई हातात फोन धरून गाव दाखवत निघाल्या होत्या, आणि गाव खरोखर बघण्यासारखंच होतं. स्टेशनातून बाहेर पाऊल टाकलं की समोर तळं. तळं कसलं, नजर थकली तरी पाणी संपत नव्हतं, आणि पार पलीकडे बर्फाचे डोंगर. माणसं सकाळी नीटनेटके कपडे घालून म्युनिकची गाडी पकडतात, अर्ध्या-पाऊण तासात ऑफिसात, आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत येऊन तळ्यात पोहतात. हंस काठावर निवांत, त्यांना कुणी हाकलत नाही. वर टेकडीवर राजवाडा. त्यात कोण राहतं म्हणून नात गार्गीने विचारलं, तर म्हणे टॅक्सचं ऑफिस.

"घ्या! लुबाडताना मान तरी राखत्यात," हौसाबाई फटीतून पुटपुटल्या. "आन् पानी बघा! तळाचा खडा दिसतोय. माझ्या गिरीशला शोभंल आसं गाव हाय."

बोलल्या आणि स्वतःच चपापल्या. त्यांची नजर साधी नव्हती. मागे शेजारच्या नुपूरच्या नव्या गाडीला त्या नुसतं "झकास" म्हणाल्या होत्या, आणि नुपूरने त्याच संध्याकाळी ती खांबावर घातली होती.

फ्रिजवर गिरीशने त्या गावाचा फोटो चिकटवून ठेवला होता. हौसाबाईंनी तो काढला, मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेतल्या आणि फोटोवरून उतरवून तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका लागला तर दृष्ट नाही, नाही लागला तर जबर दृष्ट, हा हिशोब त्यांना पाठ होता.

ठसका लागला नाही. लागणार कसा, वर एक्झॉस्ट पंखा इमानदारीने सगळा धूर बाहेर फेकत होता.

"आगं बया! लागली की माझीच!" म्हणत त्यांनी मिरच्यांची अख्खी बरणी तव्यावर पालथी केली. तेवढ्यात दारामागून उल्काची कुजबुज आली, "आई, तो पंखा बंद करा ना! त्यांना वाटतंय इथून विमान उडतंय!"

हौसाबाईंनी सुनेचं आयुष्यात पहिल्यांदा मुकाट ऐकलं. पंखा बंद केला.

मग मात्र ठसका असा लागला, की दृष्ट असती तर तीही खोकली असती. धूर दाराखालून हॉलमध्ये, हॉलमधून जिन्यात. अलार्म बोंबलू लागला. वॉचमन जाफर प्रत्येक मजल्यावर दारं बडवत सुटला, "यल्ला, यल्ला, सब लोग नीचे!"

भर दुपारच्या उन्हात सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये जमली. कुणाच्या अर्ध्या गालाला साबण, कुणाच्या हाताला कणीक. सगळे शिंकत होते. गार्गी धावत आली ती उघडा लॅपटॉप छातीशी धरून, आणि त्यात बिर्गिटबाई हे सगळं डोळे फाडून बघत होत्या.

"खलास!" गिरीश कट्ट्यावर मटकन बसला. "शांत कुटुंब म्हणे! आई, गेलं घर. तिकडची नोकरीही गेली."

"मी त्या गावाचंच भलं बघत हुते," हौसाबाई कडाडल्या. "गार्गे, आन ते हिकडं. मी काय केलं त्ये तिला सांग. लपवायचं काय त्यात?"

"आजी, प्लीज, नो!"

"सांगतीस का मी मराठीत सांगू?"

गार्गीने सांगितलं. नजर, फोटो, मिरच्या, सगळं. बिर्गिटबाईंनी कान देऊन ऐकलं. मग त्यांनी विचारलं, "आजीही राहायला येणार आहेत का?"

"नाही, नाही," गिरीश घाईघाईने म्हणाला, "ती फलटणला गावी जाणार आहे."

"अरेरे." बिर्गिटबाई फोनजवळ सरकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझ्या समोरची बाई रोज माझ्या बाल्कनीकडे बघून म्हणते, काय सुंदर फुलं! आणि कितीतरी वर्षं माझं एकही रोप जगत नाही. माती बदलली, कुंड्या बदलल्या. हे कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. घर तुम्हाला दिलं. पण आजी येणार असतील तरच. आणि मिरच्या माझ्या बाल्कनीत जाळायच्या."

गार्गीने ते मराठीत सांगितलं, तसं गिरीशने आईकडे पाहिलं. उल्काने तर पुढे होऊन सासूच्या डोक्यावर ओढणीची सावली धरली.

"आई, याल ना?"

हौसाबाईंनी पदर सारखा केला आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"बघू. आदी मला तिला इचारायचंय. गार्गे, इचार, शेजारपाजार कसा हाय? घरात हवा खेळती हाय का? आन् तिकडं म्हनं रविवारी आवाज केल्याला चालत न्हाई. मग माझ्या कुकरनं काय उपास धरायचा?"

तिकडे स्टार्नबर्गच्या तळ्याकाठी बिर्गिटबाई बाकावर ताठ बसल्या आणि घाईघाईने केस नीट करू लागल्या.