दीड अंशाची बैठक

"अहो आराखडे, ही बैठक आहे की बर्फाचा कारखाना?" खुर्चीत बसता बसताच मोठे साहेब गरजले.

खरं आडनाव वेगळंच, पण सतत आराखडे करतात म्हणून पर्यावरण कचेरीत त्यांना सगळे आराखडेच म्हणायचे. दोन वर्षं रक्त आटवून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: पृथ्वीचं तापमान दीड अंशापेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही! जागतिक परिषदेला योजना पाठवायची आजची शेवटची तारीख. साहेबांची आणि वित्त विभागाच्या मॅडमची सही झाली तर योजना परिषदेत, नाहीतर कपाटात. आधीच्या दोन तिथंच झोपल्या होत्या बिचाऱ्या.

आराखड्यांनी लगबगीनं एसी कमी केला. लगेच मॅडम फाइलीनं वारा घेऊ लागल्या.

"जीव गुदमरतोय हो! वाढवा तो."

वाढवला. साहेब शिंकले.

"मधला आकडा ठेवू या का?" आराखड्यांनी अजिजीनं विचारलं. मधल्या आकड्यावर साहेबांना हुडहुडी भरली आणि मॅडमना घाम फुटला. सगळी पृथ्वी आवरायला निघालेल्या माणसाला एक खोली आवरेना!

शेवटी शिपायानं तोडगा काढला. "एसी मॅडमना, हीटर साहेबांना. आहे काय नि नाही काय!"

साहेबांच्या पायाशी हीटर लागला. त्यानं खोली तापली, म्हणून मॅडमनी एसी आणखी वाढवला. म्हणून साहेबांनी दुसरा हीटर मागवला. योजनेतलं समुद्राच्या पातळीचं पान निघालं आणि फटकन आवाज होऊन अख्ख्या इमारतीचे दिवे गेले. शिपायानं धावत जाऊन जनरेटर सुरू केला, तसा काळ्या धुराचा लोट खिडकीतून थेट बैठकीत! सगळे खोकत, डोळे चोळत अंगणात पळाले.

अंगणात एकुलतं एक जुनं, डेरेदार झाड होतं. त्याखाली मंद वारा होता. साहेबांची हुडहुडी थांबली, मॅडमचा घाम वाळला.

"अहाहा! कसं बेताचं वाटतंय," मॅडम म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांनी त्यांच्याशी सहमती दर्शवली. आराखड्यांनी संधी साधून योजना पुढं केली. बुंध्यावर कागद टेकवून दोघांनी एकही पान न उलटता सह्या ठोकल्या. आराखड्यांना अगदी भरून आलं.

"यापुढं प्रत्येक बैठक इथंच," साहेब म्हणाले.

"आणि पाऊस आला तर?" मॅडमनी शंका काढली.

"मग हॉल बांधू इथं. एसी दोन बसवा, म्हणजे भांडण नको. आराखडे, उद्याच कामाला लागा."

"पण साहेब... झाड?"

"ते मधेच येतंय. काढावं लागेल." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "एक कोटी झाडं लावायची असं तुम्हीच लिहिलंय ना? मग एकानं काय होतंय हो?"

आराखड्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. सह्यांची शाई अजून वाळली नव्हती.

"काही नाही साहेब," ते म्हणाले आणि आणखी थोडे सावलीत सरकले.