बारा एकतीस कुणाचे?

दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी तुळजापूरचं वऱ्हाड माकणीत पोचलं. अक्षतांची वेळ बारा एकतीसची होती. नवरीचे आजोबा वीरप्पा यांनी मंगलाष्टकांचा माइक बंद केला.

"मुहूर्त टळला. आज लगीन लागायचं न्हाय."

नवरीची आई कस्तुराबाई भावाकडं धावली. "शरणू, तू पोरांना फिजिक्स शिकवतूस. समजाव की आप्पांना! हळद लागलेली पोर घरात बसवू का आता?"

शरणबसप्पा सरांना सोपा मार्ग सुचला. खोटं बोलायचं नव्हतं. विज्ञान पुरेसं होतं.

"आप्पा, सगळ्या विश्वाला एकच घड्याळ नसतं. जो हलतो त्याची वेळ हळू चालते. नवरदेव दीड तास गाडीत होता, अर्पिता घरात. मग हे बारा एकतीस कुणाचे?"

वीरप्पांनी चष्मा काढला. "त्याचं घड्याळ मागं हाय म्हणता?"

"व्हय."

"किती?"

इथं सरांना गप्प बसता आलं असतं. पण ते शिक्षक होते. "सेकंदाचे लाख कोटी भाग केले, तर त्यातले सात-आठ."

"थोडं का असंना, मागं हाय. म्हंजे दोघांची घटका एक न्हाय. आन् लगीन लागतं एका घटकेला." वीरप्पा उठले. "पोरीला तेवढंच फिरवून आणा. दोघांची घटका एक झाली की तोच मुहूर्त."

सरांनी हा हिशेब मनात तपासला. चूक सापडेना.

एक वीसला शालू नेसलेली अर्पिता जीपमध्ये बसली. अर्ध्या वाटेपर्यंत जायचं आणि परत यायचं. वेग वऱ्हाडाच्या बसएवढाच. मांडवात आठशे माणसं भाताच्या वासावर बसून राहिली.

"नवरी कुठाय?" नवरदेव शांतलिंगनं दोनदा विचारलं. सरांनी दोनदा सापेक्षता समजावली. दोन पस्तीसला तो बाशिंगासकट कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसला आणि तिला शोधायला निघून गेला.

दोन पन्नासला जीप परतली.

"ते गेले की समोरून," अर्पिता म्हणाली. "हात केला म्या. बाशिंगाच्या झालरीतनं दिसलं नसंल त्यांना."

वीरप्पांनी सरांकडं पाहिलं. "सर, आता कुणाचं मागं?"

"त्याचं. पुन्हा."

"मग बस गं पोरी जीपमधी."

"आप्पा, सकाळपासून पोटात अन्नाचा कण न्हाय," अर्पिता म्हणाली. "आता पृथ्वी फिरतीया तेवढं पुरं. म्या हलत नसती."

तीन वीसला शांतलिंगचा फोन लागला. तो अठ्ठावीस किलोमीटरवर होता. सरांनी आधी त्याचा वेग विचारला. त्यावर तो जे बोलला ते सरांनी कुणाला सांगितलं नाही.

शेवटची खबर तीन पस्तीसची. नवरी पहिल्या पंगतीत जेवायला बसली होती. सर लग्नपत्रिकेच्या पाठीवर गणित मांडत होते आणि वीरप्पा शेजारी बसून ते तपासत होते. नवरदेव परत फिरला होता की पुढं गेला होता, हे मांडवात कुणालाच ठाऊक नव्हतं.