दामूअण्णांचा उजेड

गंगापूर रोडच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्या दिवशी दूध तापवायला पातेलं सापडेना. म्हणून मी समोरच्या दाराची बेल वाजवली. दार उघडलं ते एका खूप म्हाताऱ्या, किडकिडीत गृहस्थांनी. मी "नमस्कार, आम्ही समोर..." एवढं म्हणेपर्यंत त्यांनी हात वर करून मला थांबवलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "जरा डावीकडे सरा."

मी सरले. नव्या जागी आलं की माणूस ऐकून घेतो.

"हनुवटी किंचित खाली. हां. आता बोला."

मी पातेलं मागितलं. त्यांनी आत तोंड करून हाक दिली, "सरू, पातेलं दे गं. समोर राहायला आलेत. बाईंचा चेहरा सकाळचा आहे, संध्याकाळी जरा मेहनत लागेल."

माझ्या चेहऱ्याला संध्याकाळी मेहनत लागते हे मला चाळिशीपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही.

तर हे दामूअण्णा. काळ्यापांढऱ्या सिनेमाच्या जमान्यातले नामांकित कॅमेरामन. माझ्या आईच्या पिढीला ज्या नट्यांनी वेड लावलं त्यांतल्या कितीतरी अण्णांच्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या. हे मी आधी त्यांच्याच तोंडून ऐकलं, त्यामुळे मनातल्या मनात थोडं वजा करून घेतलं होतं. पुढे मुंबई-पुण्याहून दाढीवाली मंडळी टेपरेकॉर्डर घेऊन येऊ लागली आणि उंबऱ्यातच अण्णांच्या पायाशी वाकू लागली, तेव्हा वजा केलेलं सगळं परत मिळवावं लागलं.

अण्णा मूळचे इथलेच. आमची सोसायटी उभी आहे तो त्यांचाच मळा. घरात पिढ्यान् पिढ्या भाजी आणि फुलं. थोरला मुलगा, म्हणजे आमचे अण्णा, शेवंतीच्या वाफ्यात पाणी धरायचं सोडून उन्हाकडे बघत बसतो म्हणून वडिलांनी बराच मार दिला, शेवटी मुलगा पळून स्टुडिओत गेला. मळा राखला तो सुनेनं, म्हणजे अण्णांच्या सरूनं, सरस्वतीबाईंनी. त्यांना सगळे जिजी म्हणतात. बिल्डरनं मळ्यावर इमारती बांधल्या, पण जिजींच्या डोक्यातून मळा काही गेला नाही. बी विंग म्हणजे त्यांच्या लेखी कोबीचं वावर. आम्ही मेथीत राहतो. वरच्या मजल्यावरचे जोशी विहिरीवर राहतात आणि आपण बरोबर कशावर राहतो ही कल्पना जोशीकाकूंना अजून पसंत नाही.

अण्णांचं सगळं बोलणं उजेडाभोवती. घड्याळ हातात असायचं, पण वेळ विचारली की भिंतीकडे बघायचे. माणसं ओळखायचे ती नावानं नाही, चेहऱ्यावर ऊन कसं पडतं त्यावरून. "तो नाकाची सावली ओठावर पडणारा आला होता," असं ते म्हणाले की जिजी म्हणायच्या, "गॅसवाला." अर्धं वाक्य बोलून झालं की खिडकीकडे बघत घाई करायचे, "लवकर बोला, लाइट जातोय." तळमजल्यावर नव्यानं आलेल्या बाईंनी हे ऐकलं आणि धावत जाऊन पाण्याची मोटर लावली. टाकी भरून वाहिली तरी लाइट गेले नाहीत, म्हणून त्या अण्णांवरच रागावल्या.

ट्यूबलाइटशी त्यांचं हाडवैर. "ट्यूबखाली जिवंत माणूस मेलेला दिसतो," हे त्यांचं ठाम मत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सुभेदारसाहेब, देवळाली कॅम्पातून रिटायर झालेले. त्यांनी जिन्यात आणि पार्किंगमध्ये झगझगीत ट्यूबा लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या जागी पिवळे बल्ब. सुभेदारसाहेबांनी परत ट्यूबा लावल्या, परत बल्ब आले. शेवटी मीटिंग बोलावली.

"अण्णा, सिक्युरिटी का मामला आहे," सुभेदारसाहेब म्हणाले. "चोर आला तर दिसायला नको?"

"दिसू द्या की. पण त्यालाही जरा बरं दिसू द्या."

"चोराला?"

"सुभेदारसाहेब, तुम्ही स्वतः काल ट्यूबखालून येत होता. मीच ओरडणार होतो."

मीटिंग तिथेच मोडली. पार्किंगला ट्यूब आणि जिन्याला बल्ब असा तह झाला.

पण अण्णांचा खरा उपयोग सोसायटीला झाला तो मुली दाखवण्याच्या कार्यक्रमात. त्यांची पुढची खोली पश्चिमेला. दुपार कलली की गॅलरीतून तिथे असं मऊ ऊन यायचं की कोणीही बरं दिसावं. हे कोणाच्या तरी आईच्या लक्षात आलं आणि मग रांगच लागली. मुलगी कुठलीही असो, पोहे कोणाच्याही घरचे असोत, कार्यक्रम अण्णांकडे. अण्णा सकाळपासून तयारीला लागायचे. गॅलरीत पांढरी चादर कुठे वाळत घालायची, पडदा किती सारायचा, मुलीनं कुठल्या खुर्चीवर बसायचं, सगळं ठरवून द्यायचे. मुलाला मात्र खिडकीकडे पाठ करून बसवायचे. कोणी तक्रार केली तर म्हणायचे, "त्याचा रोल लहान आहे."

एकदा लग्नानंतर एका मुलाची आई भांडायलाच आली. "तुमच्याकडे सूनबाई किती उजळ दिसत होती. घरी तशी दिसत नाही."

"तुमच्या घरी खिडकी कुठल्या दिशेला आहे?" अण्णांनी विचारलं.

"उत्तरेला."

"मग सुनेला काय बोलता? गवंड्याला बोला."

याच खोलीत त्यांनी माझ्या भाचीचं एक जमत आलेलं लग्न मोडलं. मुलगा शिकलेला, दिसायला छान, आम्ही सगळे खूश. पाहुणे गेल्यावर अण्णा भाचीला म्हणाले, "पोरी, हा तुझ्याकडे बघत नव्हता. शेजारी उभी राहिल्यावर तू कशी दिसशील ते बघत होता. मी आयुष्यभर बघण्याचाच धंदा केलाय, मला फरक कळतो." मला राग आला होता. भाचीला आला नाही. तिनं नकार कळवला आणि पुढच्या वर्षी एका जाड चष्म्याच्या मुलाशी लग्न केलं. तो पोहे खायचंही विसरला होता.

एवढं सगळं असून एक गोष्ट मला बरीच वर्षं माहीत नव्हती. जिजींनी अण्णांचं एकही पिक्चर पुरतं पाहिलेलं नव्हतं. टीव्हीवर अण्णांचा जुना सिनेमा लागला की सगळी सोसायटी त्यांच्या खोलीत जमायची आणि जिजी उठून मेथी निवडायला आत जायच्या. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणायच्या. अण्णा हसून सांगायचे, "तिला थेटरातल्या काळोखाची भीती वाटते. ती भीती आता टीव्हीपर्यंत आलीय."

मग अण्णांनी नव्वदी ओलांडली आणि शहरातल्या सिनेमावेड्यांच्या एका मंडळानं त्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, भाषणं, आणि नंतर मोठ्या पडद्यावर त्यांचं एक गाजलेलं पिक्चर. त्याची जुनी प्रिंट कुठून तरी शोधून आणली होती. अण्णांना आनंद झाला असेल म्हणून मी पेढे घेऊन गेले, तर ते गॅलरीत गप्प बसले होते.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले. मी शाळेत भूगोल शिकवते म्हणून मी मास्तरीणबाई. "शालींनी कपाट भरलंय. मला एकच पाहिजे. ते पिक्चर सरूनं शेवटपर्यंत बघावं. ती इथे मळ्यात राबली, माझे आईबाप सांभाळले, आणि मी तिकडे काय करत होतो ते तिला ठाऊकच नाही. सगळ्या जगानं बघितलं, घरच्या माणसानं नाही. आता पुन्हा मोठ्या पडद्यावर कधी लागणार? मी सांगून थकलो. तुम्ही आणा तिला."

अण्णांच्या तोंडून मी पहिल्यांदाच काही मागितलेलं ऐकलं. मी लगेच स्वयंपाकघरात गेले. जिजी गॅसजवळ पाटावर बसून शेवंतीचा गजरा करत होत्या.

"कोणतं पिक्चर हाय?" त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"मग तर नायच," त्या म्हणाल्या.

"जिजी, काळोखात मी बसते ना तुमच्याजवळ."

"काळोखाला कोण भितंय? रातीला उठून एकलीनं पाणी धरलंय मी मळ्याला." त्यांनी दारातून बाहेर नजर टाकली. अण्णा गॅलरीतच होते. "बाई, तुम्हाला म्हणून सांगते, त्यांना सांगू नका. हेच पिक्चर व्हतं. लगीन होऊन थोडी वर्षं झाली व्हती. हे मुंबईला, मी हितं. एकदा म्हणले, चल, माझं पिक्चर लागलंय. नवं लुगडं नेसून गेले. काळोख झाला न् ती बाई आली. भिंतीयेवढी. इतकी देखणी, की मला वाटलं, एखादी बाई येवढी देखणी कुणाला दिसंल? जो लय दिवस तिच्याकडं टक लावून बसला आसंल त्यालाच. न् बाजूला पाह्यलं तर हे बी तिच्याकडंच बघत व्हते. मधल्या सुट्टीत म्हणले, माझं डोकं दुखतंय, चला. तवापासून नाय गेले."

"अण्णांना कधी विचारलं नाही?"

"काय इचारायचं? माझ्याकडं येवढा येळ त्यांनी कधी बघितलं नाय. बघायला घरी व्हते कुठं."

त्यांनी दोऱ्याला गाठ मारली आणि विषय संपवला. मी बाहेर येऊन अण्णांकडे बघून नुसती नाही अशी मान हलवली. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि भिंतीवरचं ऊन बघत बसले. दोघांचंही मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी घरी येऊन मी नवऱ्याशी उगीचच भांडले.

सत्काराच्या दिवशी गाडी आली. अण्णा कोट घालून खाली उतरले. मागोमाग जिजी, नऊवारी नेसून, पायात चपला घालून.

"तू कुठे?" अण्णा म्हणाले.

"तुम्हाला काळोखात पायऱ्या दिसत नाय आता. पडले बिडले तर निस्तारायचं कुणी? मी डोळे मिटून बसंन."

सुभेदारसाहेबांनी दार उघडून दोघांना बसवलं आणि चक्क सलाम ठोकला.

भाषणं लांबली. प्रत्येक वक्त्याला अण्णा खालून खुणा करत होते, डावीकडे सरा म्हणून. दोघं सरले, तिसऱ्यानं अर्थ चुकीचा घेतला आणि भाषण आटोपतं घेतलं, त्यामुळे सगळ्यांचा फायदा झाला. मग दिवे गेले आणि पिक्चर सुरू झालं. पहिल्या रांगेत अण्णा, शेजारी जिजी, पलीकडे मी. जिजी खरोखरच डोळे मिटून बसल्या होत्या.

नदीकाठचा प्रसंग आला. नायिका पाण्याजवळ येऊन बसते आणि सरळ समोर बघते. तो चेहरा पडद्यावर आला तशी सगळ्या हॉलमध्ये एक हलकीशी कुजबुज झाली. मी जिजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते. बराच वेळ त्या बघत राहिल्या आणि मग बोलल्या. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून बोलणं मोठ्यानं.

"हिकडं ही अशी बघती, तवा तुम्ही कुठं व्हते?"

मागच्या रांगेतून कोणीतरी शुक् शुक् केलं. अण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"तू आत्ता जिथून बघतीस ना, तिथंच," ते म्हणाले. "तुझ्या जागेवर. गुडघाभर पाण्यात."

"पाण्यात कशापायी?"

"पाण्यावरचं ऊन उडून तिच्या तोंडावर यायला पाहिजे ना. मग कॅमेरा पाण्यातच लावायला लागतो. फळीवर कॅमेरा, न् खाली मी. ती थोडा वेळ यायची न् परत छत्रीखाली जाऊन बसायची. मी दिवसभर उभा."

"म्हंजी ती देखणी ती उन्हामुळं?"

"उन्हामुळं न् पाण्यामुळं. एरवी आपल्या जोशीबाईंसारखी."

मागे जोशीकाकू बसल्या होत्या. आता कोणी शुक् शुक् केलं नाही, सगळे ऐकत होते.

जिजी पडद्याकडे बघत राहिल्या. नायिका उठून गेली होती. नुसती नदी होती, आणि पाण्यावर झगझगीत ऊन.

"येवढ्या उन्हाचं," जिजी म्हणाल्या, "डोक्याला काही व्हतं का?"

"टोपी घातली की कॅमेऱ्याला डोळा लागत नाही नीट."

"म्हंजी उघड्या डोक्यानं?"

"हं."

 जिजींनी पदर सोडवून घेतला, त्याचं टोक अण्णांच्या टकलावर घातलं आणि उरलेलं सगळं पिक्चर तो तसाच धरून बघितलं.