आसाराममामांची तसबिरीत पुनःस्थापना

ज्याचे नाव घेतल्यावाचून लिंबागणेश गावी नवा मोबाईलही कोणी चालू करीत नाही, त्या श्रीगजाननास दंडवत; आणि मागे टाळकरी, पुढे श्रोते, मध्ये आपण उभे राहून जडजीवांस हसविता हसविता देव दाखविणारे जे हरिदास, त्यांस दंडवत; आणि मग राजश्री भागवतराव यांनी भगिनीच्या लग्नाच्या तसबिरीवर जी स्वारी केली, आणि तीत सख्खे मामा गमावून पुन्हा मिळविले, तो मजकूर यथामती कथिला असे. संतसज्जनी मांडी घालून, पान लावून, सावकाश ऐकावा.

भागवतराव पेशाने शेळ्यामेंढ्यांचे सुभेदार. कळप माळावर पांगला की बाभळीखाली बसून चित्रे सजविण्याची विद्या मोबाईलावर पाहून पाहून हस्तगत केलेली. आणि गुरू कोणी नाही, सबब भीतीही नाही. त्यांची धाकटी बहीण सुकन्याबाई, तिचे लग्न कडा येथील माळकरी अंगदआबा यांचे पुत्र अभिमन्युराव यांजशी जाहले. ऐन अक्षतेच्या वख्ती भाड्याचे फोटोवाले बॅटरी बदलण्यात गुंतले. आणि अंतरपाट दूर होऊन वधूवरांची नजरानजर जाहली, आणि वधूमागे तिचे मामा, सिरसाळेकर आसाराममामा, रिवाजाप्रमाणे तिच्या खांद्यावर हात ठेवून उभे, ऐसा तो क्षण तमाम दुनियेत फक्त भागवतरावांच्या मोबाईलात कैद जाहला.

मग स्वस्थ बसावे तर ते भागवतराव कसले. त्यांचे मते तसबीर फिकी होती. मागे मांडवाचे बांबू, बांबूस टांगलेला पंखा, आणि एक वाढपी बुंदीचे घमेले घेऊन आ वासून उभा. मग त्यांनी एक फुकटचे अॅप उतरवून घेतले, आणि त्यात आपोआप चालणारी जी कात्री असते, तिजला फर्माविले की वधूवर राखावे, मागील तमाम मुलूख खालसा करावा. कात्रीने क्षणात मुलूख साफ केला. मग तेथे धबधबा वसविला, आणि धबधब्यात राजहंसांची जोडी सोडली, आणि भर दुपारच्या लग्नावर चंद्र चढविला, आणि चेहरे ऐसे उजळिले की सुकन्याबाईंचे नाक लोपून नथ हवेत तरंगू लागली. आणि जुन्या तसबिरीवरच नवी जतन करून, शाबासकीच्या आशेने, सोयऱ्यांच्या ग्रुपावर रवाना केली.

या धामधुमीत एक बाब नजरेतून निसटली. कात्रीने मामासाहेबांस मांडवाचा खांब समजून बांबूंसोबत नेले होते. मात्र त्यांचा उजवा हात, घड्याळासकट, भाचीच्या खांद्यावर तसाच राहिला होता.

मग सिरसाळ्याहून फोन खणखणला.

"बांबू काढले, पंखा काढला, त्यात मी बी निघालो व्हय?" मामा म्हणाले. "हात तेवढा ठिवला. त्यो तरी कशापायी ठिवला रे? घड्याळ बरं दिसतंय म्हणून?"

आणि हुकूम सुनावला, की आमचे काम हातापुरतेच असेल तर यापुढे तुमचे घरचे अन्नपाणी आम्हांस वर्ज्य, आणि दिवाळीस कडूबाईस न्यावयास सिरसाळ्याहून कोणी येणार नाही.

कडूबाई म्हणजे भागवतरावांच्या मातोश्री. आईबाप गेल्यावर माहेर म्हणून त्यांस हा एक भाऊच उरलेला. त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ताटातली भाकरी अर्धी ठेवून उठल्या आणि इतकेच बोलल्या, "मला एकच भाऊ हाय. त्याला तू धबधब्यात बुडवलास."

या एका वाक्यासरशी भागवतरावांच्या फौजेचा धीर सुटला. आणि मांडवपरतणी तोंडावर आलेली. म्हणजे लेक-जावई व्याह्यांसह लग्नानंतर प्रथम घरी यावयाचे, आणि पंगतीत मामा नाहीत ऐसे पाहून व्याह्यांनी चार प्रश्न विचारावयाचे. मग भागवतरावांनी कळप शेजाऱ्याचे हवाली केला आणि कुमक मागण्यास बीड गाठले. तेथे त्यांचे जुने दोस्त वासिफभाई यांचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान.

वासिफभाईंनी तसबीर पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. "क्या रे भागवत, मामूकोच उडा दिया? असल फोटो किधर है?"

"त्याच्यावरच हा ठिवला की."

"फिर तो मामू गये."

मग मसलत बसली आणि ठराव जाहला की दुसऱ्या एखाद्या तसबिरीतून मामा कापून आणावे आणि येथे स्थापावे. परंतु मामांस फोटोची हौस मुळीच नाही. धुंडाळता धुंडाळता एकच मिळाला. तो सिरसाळ्याच्या हरिनाम सप्ताहातला, मामा वीणेच्या पहाऱ्याच्या पाळीस उभे, गळ्यात वीणा, एका हाती चिपळ्या, डोळे मिटलेले, मुखावर ऐसे समाधान की पाहणाऱ्याचेही मन निवावे.

वासिफभाईंनी कापता कापता विचारले, "ये बाजा निकालूं क्या? शादी में अच्छा नहीं दिखता."

तेव्हा भागवतराव गंभीर होऊन उत्तरले, "सप्ता चालू हाय तवर वीणा खाली ठिवता येत न्हाई, भाई. फोटोत बी न्हाई."

सबब मामा वीणेसह दाखल जाहले. पाहातात तो नवे संकट. दोन हात वीणा-चिपळ्यांस, आणि तिसरा घड्याळवाला आधीपासून भाचीच्या खांद्यावर. मग धबधब्यातला एक राजहंस बोलावून त्या हातावर बसविला. तो मोर्चा सांभाळला, तो आणखी मोठे संकट. सप्ताहातल्या फोटोत मामांपुढे श्रोत्यांचे फेटे. कमरेखाली मामा नव्हतेच. भागवतराव हळहळले. विणेकरी दिसला की लहानथोरांनी त्याच्या पायी डोई ठेवावी हा सप्ताहाचा रिवाज, आणि येथे विणेकऱ्यास पायच नाहीत. मग सप्ताहाच्या मांडवातल्या पांढऱ्या पडद्याचे धोतर केले, आणि मोबाईल चाळता चाळता दोन पावले सापडली. अनवाणी, स्वच्छ, सरळ समोरून घेतलेली. तीच धोतराखाली बसविली.

"ये किसके हैं?" वासिफभाईंनी पुसिले.

"दाजींचे. कन्यादानाला आईनं पाय धुतले तवाचे."

"दामाद के पाँव मामू को?"

"धुतलेले हायेत, भाई. ह्याच्यापरीस सोवळे कुठून आणू?"

वासिफभाईंनी यावर कानास हात लावून खुदास स्मरले, आणि तसबीर मोठी छापून काचेत बसवून दिली.

मग मांडवपरतणीचा दिवस उगवला. कड्याहून अंगदआबा, अभिमन्युराव, सुकन्याबाई, ऐसी मंडळी येऊन सतरंजीवर बसली. सुकन्याबाईंनी स्वतः फोन करून, तसबिरीत तुम्ही परत आलात ऐसे सांगून विनविले, सबब मामाही आले. परंतु दारापाशी चपला पायात ठेवून थांबले आणि फर्माविले, की तसबीर पाहिल्यावाचून उंबरा ओलांडणे नाही. कडूबाई आत चुलीपाशी पुरणाचे पातेले ढवळीत होत्या. त्यांचा हात थांबला.

भागवतरावांनी तसबिरीवरचा टॉवेल दूर केला.

धबधबा कोसळत होता, चंद्र उगवला होता, एक हंस पाण्यात आणि एक वधूच्या खांद्यावर, आणि त्या साऱ्यांमागे वीणा गळ्यात घेऊन आसाराममामा डोळे मिटून उभे. मामांनी खूप वेळ पाहिले.

"लग्नात माझ्या गळ्यात वीणा नव्हती," ते म्हणाले.

भागवतरावांनी टॉवेल पुन्हा हाती घेतला.

"पर मनात व्हती," मामा म्हणाले. "अक्षता पडंस्तोवर नामच चाललं व्हतं, पोरीचं बरं हू दे म्हणून. कुणाला सांगितलं न्हाई. ते बी उतरलं ह्याच्यात."

आणि चपला काढल्या. आणि उंबरा ओलांडला. आणि कडूबाई पुरणाच्या हातानेच बाहेर येऊन भावाच्या गळ्यात पडल्या, तेणेकरून मामांच्या सदऱ्यास पाठीवर पिवळा शिक्का उमटला.

तोच अंगदआबा उठले. माळकरी माणूस, विणेकरी समोर आणि आपण बसून, हे त्यांस साहिले नाही. टोपी सावरून पुढे जाहले आणि तसबिरीतल्या पावलांवर कपाळ टेकून घटकाभर तसेच राहिले.

भागवतरावांनी डोळे गच्च मिटले.

"अभिमन्यू, तू बी पड," आबांनी आज्ञा केली. "असला मामसासरा नशिबानं मिळतो."

अभिमन्युराव वाकले. वाकता वाकता थबकले. पावलांकडे पाहिले, मग स्वतःच्या पावलांकडे पाहिले, मग पुन्हा पावलांकडे. मागे सुकन्याबाईंनी पदर तोंडात कोंबला. परंतु वडिलांची आज्ञा, सबब त्यांनी डोई टेकली, आणि उठून मेहुण्याच्या कानाशी लागले.

"भागवत, हे माझे हायेत का रे?"

"दाजी, आता मामाचे झाले. माघारी मागू नका."

काही शंकेखोर श्रोते पुसतील, की बापाने लेकाच्या पायी डोई ठेविली हा दोष नव्हे काय. त्यांस उत्तर ऐसे, की हरिनामाच्या काल्यास थोर लहानाच्या पायी पडतो, सासरा जावयाच्या पायी पडतो, आणि तेथे कोणी कोणाचे पाय मोजीत नाही.

येणेप्रमाणे धबधबा, चंद्र व हंस शाबूत राखून मामासाहेब स्वस्थानी स्थापिले गेले. पुरणपोळीच्या पंगतीस त्यांस पहिला पाट मिळाला. दिवाळीस कडूबाईंस न्यावयास जीप येईल ऐसा करार जाहला. मोहीम फत्ते पावली. मामांच्या फर्मानाबरहुकूम तसबिरीची एक प्रत सिरसाळ्यास रवाना जाहली. ती सांप्रत त्यांचे देवघरात आहे, आणि मामी रोज सकाळी त्या पावलांस गंध लावितात. मामा संकोचून नको म्हणतात; पण मामी आत गेल्या की चष्मा लावून जवळ जातात, आणि शेजारी कोणी बसला असेल त्यास सांगतात, की वयाच्या मानानं आपले पाय लई नितळ राहिलेत.