तुळशीरामभाऊंचा विरोध

तुळशीरामभाऊ राऊतांनी एकदा दुखवट्याच्या ठरावालाही विरोध केला होता.

आमच्या नगरपरिषदेचे आधीचे अध्यक्ष पदावर असतानाच वारले, तेव्हाची गोष्ट. सगळे सदस्य माना खाली घालून उभे होते. मुख्याधिकाऱ्यांनी जड आवाजात ठराव वाचला, "त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे." आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "माहा विरोध लेहून घ्या."

कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. भाऊ मात्र शांत. "मानूस चांगला होता, दुःख मलेही हाय. पन न भरून येनारी कशी? त्या खुर्चीसाठी चार जन कालपासूनच तयारीले लागले. त्यातले दोघं त अठीच उभे हायेत."

शेवटी ते शब्द गाळले, तेव्हा कुठे भाऊ दुखवट्याला राजी झाले. मौन मात्र त्यांनी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ पाळलं. आम्ही बसलो, चहा आला, तरी ते डोळे मिटून उभेच होते.

अकोला आणि अमरावतीच्या मधे, हमरस्त्यापासून जरा आत आमचं गाव. त्याला गाव म्हटलेलं इथल्या लोकांना आवडत नाही, कारण आमच्याकडे नगरपरिषद आहे, बसस्टँड आहे आणि बंद पडलेलं का होईना, एक कारंजं आहे. मी महिला राखीव जागेवरून निवडून आले. खुर्चीवर मी बसेन आणि कारभार आमचे हे पाहतील, अशी सगळ्यांची समजूत होती. आमच्या ह्यांचीही होती. ती मी पहिल्याच सभेत दूर केली, त्यामुळे भाऊंच्या शेजारची खुर्ची माझ्या वाट्याला आली. तिथे दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं.

भाऊ भाजीवाले. गावाच्या कडेला, नाल्याच्या अंगाला त्यांचं वावर. मेथी, पालक, वांगी आणि मुख्य म्हणजे सांबार. पुण्या-मुंबईचे पाहुणे आमच्याकडे सांबार म्हटलं की इडली शोधतात. आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो, आणि भाऊंसारखा सांबार आख्ख्या तालुक्यात कुणाचा नव्हता. सभेला ते ओल्या फडक्यात जुड्या बांधून आणायचे. एकदा बायकांच्या मुतारीचा विषय मी जीव तोडून मांडला, त्याला त्यांनी खणखणीत विरोध केला आणि खाली बसताना माझ्या पिशवीत एक जुडी सरकवली.

मी भडकलेच. "भाऊ, तुमच्या घरी बायामाणसं नाहीत का? याला काहून विरोध?"

"मंजूर झाला ना तुमचा विषय?"

"झाला. पण तुमच्यामुळे मतदान घ्यावं लागलं."

"तेच पाह्यजे होतं मले. नुसतं 'मंजूर, मंजूर' म्हनाले काय लागते, ताई? तोंड त बुंदी खातानीही उघडते. एकानं विरोध केला, का विषय पुरा वाचा लागते, अन् हात वर करा लागते. हात वर करतानी मानूस जरासा तरी इचार करते."

हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते पटायला मला वर्ष लागलं. बाकीच्यांना ते कधीच पटलं नाही, कारण त्यांच्या पायी दुपारची सभा दिवे लागेपर्यंत चालायची.

सभागृहाबाहेर त्यांचा विरोध मधुकरसाठी राखून ठेवलेला होता. मधुकर म्हणजे नगरपरिषदेसमोरचा चहावाला. भाऊ रोज एक घोट घेऊन म्हणायचे, "साखर जास्त झाली." मधुकर रोज म्हणायचा, "दुसरीकडे प्या." हे वर्षानुवर्षं चाललं होतं. भाऊ दुसरीकडे कधी गेले नाहीत आणि मधुकरने साखर कधी कमी केली नाही.

मग कोरोना आला, आणि ज्यांनी आजवर नाल्या, दिवे आणि गाळ्यांपलीकडे काही ठरवलं नव्हतं, त्या आमच्यावर माणसांच्या जिवाचे निर्णय येऊन पडले. कुणालाच काही समजत नव्हतं. बाजारातली दुकानं एक दिवस डाव्या बाजूची आणि एक दिवस उजव्या बाजूची उघडायची, असं ठरलं. भाऊंनी विरोध केला. "डावी म्हंजे कोनाची डावी? बसस्टँडवरून येनाऱ्याची, का दवाखान्यावरून येनाऱ्याची?" अध्यक्ष वैतागले. पण दुसऱ्या दिवशी खरोखरच दोन्ही बाजूंची दुकानं उघडली आणि प्रत्येक दुकानदार आपलीच बाजू डावी असल्याचं छातीवर हात ठेवून सांगू लागला. हसण्याचे ते शेवटचे दिवस.

त्यानंतर सभा मोबाईलवर सुरू झाल्या. आम्ही आपापल्या घरून बोलायचो. भाऊ मात्र स्वच्छ धोतर नेसून रिकाम्या सभागृहात जायचे आणि स्वतःच्याच खुर्चीवर बसून मोबाईल समोर धरायचे. "सभा म्हंजे सभा. खाटल्यावर बसून काय गावाचं ठरवा लागते?"

अशाच एका सभेत तो विषय आला. कोरोनाने गेलेल्यांना गावात आणायचं की नाही? स्मशानभूमी वस्तीला लागून. तिथल्या लोकांनी अध्यक्षांच्या फाटकावर गर्दी केली होती. धुरातून रोग पसरतो, असं कुणीतरी उठवून दिलं होतं. ठराव असा होता की अशा मृतदेहांना गावात परवानगी देऊ नये, जे अकोल्याच्या दवाखान्यात दगावतील त्यांचं अकोल्यातच उरकावं. विषय वाचून होतो न होतो तोच आमच्याकडची लाईट गेली आणि मोबाईलची रेंजही. परत आली तेव्हा सभा संपली होती.

पुढचं मला इतरांनी हसत हसत सांगितलं. मोबाईलच्या चौकटीत भाऊंचे ओठ हलत होते, हात नाचत होते, पण आवाज नव्हता. बोलायचं बटण बंद राहिलं होतं. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाचा विरोध?" चार क्षण शांतता. "नाही. सर्वानुमते मंजूर." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक ठराव भाऊंच्या विरोधावाचून पार पडला होता, आणि लोकांना त्याचीच गंमत वाटत होती.

मला काही ती गंमत वाटली नाही.

दोन आठवडे गेले असतील नसतील, मधुकरला ताप आला. अकोल्याला नेलं. तिथून तो परत आला नाही. त्याची बायको शोभा तोंडाला पदर बांधून नगरपरिषदेच्या पायरीशी उभी राहिली. "साहेब, मले काई नोको. मानूस तेवढा गावात आनू द्या. दुरून पाहीन."

मुख्याधिकारी वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या हातात ठराव होता, तोही सर्वानुमते झालेला. तो त्याने वाचून दाखवला. भाऊ तिथेच उभे होते. त्यांनी 'सर्वानुमते' हा शब्द ऐकला आणि जाऊन मधुकरच्या बंद टपरीच्या बाकड्यावर बसले. मधुकरला त्या दिवशी अकोल्यात, अंगभर प्लास्टिक घातलेल्या अनोळखी माणसांनी अग्नी दिला. शोभाला नंतर कुणीतरी मोबाईलवर फोटो दाखवला. त्यात नुसता धूर होता.

झालेला ठराव बदलायचा तर निम्म्याहून जास्त सदस्यांच्या सह्या लागतात. म्हणजे ज्या माणसाने जन्मभर प्रत्येकाच्या विषयाला विरोध केला, त्याने आता त्याच लोकांच्या दारात जाऊन पाठिंबा मागायचा. भाऊंना मागणं येतच नव्हतं. ते आधी माझ्या फाटकावर आले. तोंडाला उपरणं, हातात कागद, आणि शब्द सापडेनात.

"ताई, तुमचा विरोध असन तरी चालन. पन सही करा."

मी म्हटलं, "माझा विरोध नाही भाऊ. पण लोक ऐकणार आहेत का? स्मशानाजवळचे दगड मारतील."

"स्मशानात नाई आनत. माह्या वावरात जागा देतो. नाल्याच्या अंगाले, सांबाराची पट्टी हाय ना, तिथीसा."

मला क्षणभर खरंच वाटेना. त्या पट्टीवर त्यांचं घर चालत होतं. एकदा तिथे चिता पेटली की त्या वावरातली मेथीची काडीही कुणी विकत घेणार नव्हतं. मी तसं स्पष्ट बोलले. भाऊ फाटकाच्या गजाकडे पाहत राहिले.

"माही बायको नागपूरले गेली, ताई. मोठ्या दवाखान्यात. तवा कोरोना-फिरोना काई नोता. पन गाडीवाला आनाले तयार नोता, अन् मी एकटा. मंग तठीच घाटावर नेली. कोनी वळखीचं नोतं. खांदा द्याले चार मानसं मी रस्त्यावरून बलावून आनली. भले होते बिचारे. पन तिचं नावही त्यायले मालूम नोतं. मी येष्टीनं परत आलो. ते नागपूरलेच राह्यली."

भाऊंच्या बायकोचा विषय मी कधी काढला नव्हता आणि त्यांनीही नाही. त्यांच्या घरी बायामाणसं नाहीत का, असं मी एकदा तावातावाने विचारलं होतं, ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सही केली.

मग ते सगळ्यांकडे गेले. कुणी दार उघडलं नाही, कुणी गच्चीवरून बोललं. एकाने म्हणे जुने हिशेब काढले, "माझ्या गाळ्यांच्या विषयाला तुम्ही आडवे आला होता." भाऊ म्हणाले, "आलो होतो. पुढंही येईन. आज सही करा." पण वावराची गोष्ट ऐकली की लोकांचा आवाज खाली यायचा. सह्या झाल्या.

ती सभा नगरपरिषदेच्या अंगणात, कडुनिंबाखाली झाली. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. अध्यक्षांनी विषय वाचला आणि सवयीने विचारलं, "कुणाचा विरोध?" सवयीनेच सगळ्यांच्या माना भाऊंकडे वळल्या. भाऊंनी सगळ्यांच्या आधी हात वर केला, मंजुरीचा. मग एकेक करत आमचे. मोजायची काहीच गरज नव्हती, पण भाऊ म्हणाले, "मोजा." अध्यक्षांनी मोजले.

सांबाराची पट्टी नांगरली गेली. दोन उन्हाळे तिथे चिता पेटल्या. आणि आम्हाला वाटलं होतं तसंच झालं, भाऊंची भाजी कुणी घेईना. ते ती गाईंना घालायचे.

मी एकदा तिथे गेले होते. आमच्या वॉर्डातल्या एका म्हातारीला आणलं होतं. तिची मुलं सुरतेला अडकलेली. नगरपरिषदेची माणसं आपलं काम करून बाजूला झाली. भाऊ बाभळीखाली लांब उभे होते. त्यांनी उपरणं तोंडावरून खाली ओढलं आणि तिचं नाव घेऊन म्हणाले, "गंगूबाई, गावातच हायेस तू, बाप्पा. घरीच आली." मग ते आग विझेपर्यंत जागचे हलले नाहीत. असे ते प्रत्येकाच्या वेळी उभे राहत, हे मला मागाहून कळलं.

सगळं निवळल्यावर, सभा पुन्हा सभागृहात भरू लागली, तेव्हा अध्यक्षांनी भाऊंच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. शाल, श्रीफळ, सगळं टेबलावर तयार होतं. टाळ्या सुरू झाल्या आणि शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

"माहा विरोध लेहून घ्या."

सगळे हसले. अध्यक्षही हसत म्हणाले, "भाऊ, याला तरी कारण सांगा."

भाऊ उभे राहिले. "त्या दिवशी माहा आवाज बंद होता. मले ते बटन समजलं नाई. मधुकर अकोल्यालेच राह्यला." त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "लेहा."

कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी शाल उचलून बाजूला ठेवली आणि मतदान न घेता पुढचा विषय घेतला.

सभा सुटल्यावर मी आणि भाऊ समोरच्या टपरीवर गेलो. आता ती शोभा चालवते. तिने दोन कप पुढे केले. भाऊंनी एक घोट घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "साखर जास्त झाली."

शोभाचा हात थांबला. ती कपाकडे बघत म्हणाली, "ते टाकत होते तेवढीच टाकतो, भाऊ. कमी करू काय?"

भाऊंनी कप दोन्ही हातांत धरला. आणखी एक घोट घेतला.

"नोको," ते म्हणाले. "राहू दे तेवढीच. माहा विरोध नाई."