महानंदाबाईंनी जड गोळीचे काडतूस निवडिले, त्या मोहिमेची हकीकत

श्रीसिद्धेश्वराचे चरणी मस्तक ठेवून, ज्या बंदुकीने कोणा जिवास इजा नाही, केवळ कागदास भोके पडतात, तिच्या पराक्रमाची ही हकीकत लिहिली असे.

वैशाख मासी ऊन ऐसे जालीम की कावळाही सावली सोडीना. ते समयी जिल्ह्याच्या नेमबाज पथकात एकच जागा रिकामी होती आणि तीवर दावेदार दोन. एक अखंडितलक्ष्मीअलंकृत महानंदाबाई, मुक्काम जुळे सोलापूर, शाळेत कवायतीच्या बाई, ज्यांची ही जागा तीन साले केसभराने हुकली होती. आणि दुसरे राजमान्य मल्लप्पा, क्लबाचे सेक्रेटरी. दोनशे मीटरांवरील निशाणास काडतूस कोणते, हा तंटा. मल्लप्पांचा भरवसा हलक्या, वेगवान गोळीवर. बाईंचा जड गोळीवर, जी वाऱ्यास भीक घालीत नाही. मग बहुत मसलत होऊन फर्मान सुटले की, उभयतांनी पाच-पाच गोळ्यांच्या दोन फैरी झाडाव्या आणि ज्याची एक फैर अधिक घट्ट, म्हणजे भोके अधिक जवळजवळ, बसेल त्यास जागा द्यावी.

मग बाईंनी दारूगोळा स्कुटीच्या डिकीत भरिला, आणि जुन्या शिरस्त्याने वाटेत दोन मैत्रिणींकडे चहा घेऊन, ऐन अकरा वाजता कुंभारीच्या माळावर दाखल झाल्या. पहिली फैर झाडिली आणि अनर्थ जाहला. एक गोळी वर, दुसरी त्याहून वर, पाचवी तो कागदाच्या शेंड्यास.

मल्लप्पा वदले, "अक्का, निशाण खाली हाय की! पाखरं मारायला आलाव व्हय?"

"अण्णा, अजून पाच हायेत. दात झाका, ऊन लागंल," बाई म्हणाल्या. परंतु चौथे सालही गेले, ऐसे मनी आले. मग दुसऱ्या फैरीस काडतुसांची डबी उचलिली तो बोटे पोळली, आणि तत्क्षणी उमज पडला की कसूर गोळीची नव्हे, डिकीची. तापल्या दारूने गोळी मर्यादा सोडून उडते.

मग बाईंनी डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, सोलापुरी टॉवेल भिजवून त्यात गुंडाळिली आणि रांजणाआड अर्धा तास ठेविली. तोवर मल्लप्पांच्या दोन्ही फैरी आडव्या वाऱ्याने ज्वारी पेरावी तैशा विखुरल्या. पहिल्या फैरीनंतर त्यांनीही टॉवेल मागून पाहिला, परंतु वारा काही टॉवेलात मावेना.

मग बाई पोटावर निजल्या, श्वास कोंडिला, आणि पाच गोळ्या ऐशा बसल्या की बाटलीच्या एका बुचाखाली पाचही भोके झाकली. मल्लप्पांनी ते बूच तीनदा ठेवून पाहिले, आणि मग आपल्या हाते पथकाच्या यादीत बाईंचे नाव लिहिले. "अक्का, लई घट्ट," इतकेच वदले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. जड गोळीस पथकाची मानकरी केले, टॉवेलास क्लबात कायमची नेमणूक दिधली, आणि डिकीस दारूगोळ्याचे कामावरून बडतर्फ करून हुकूम केला की, तीत पुढे फक्त कडक भाकरी न्यावी. ती तापेल तितकी बरी.