सुमनवहिनींचे मासे आणि आहेरसाहेबांचं परमिट

आमच्या कंपाऊंडमध्ये एकदा कलिंगड कापायचं होतं. सुरी माझ्या हातात, कलिंगड टेबलावर, आणि मागून आवाज आला, "परमिट कुठंय?"

हे आहेरसाहेब. मूळचे नाशिकचे, सौदी अरेबियातल्या जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये बावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर. प्लांटमध्ये सहीच्या परमिटशिवाय कुणी साधा बोल्ट सैल करत नाही, ते योग्यच आहे. पण साहेबांची ड्युटी गेटवर संपत नसे. त्या दिवशी त्यांनी मला हातमोजे घालायला लावले, पोरांना दोन मीटर मागं उभं केलं, मग कलिंगडाला हात लावू दिला. तोवर ते चांगलं गरम झालं होतं.

कुठंही निघालं की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला, "किती नग?" माणसांना ते नगच म्हणत. जाताना मोजायचे, येताना मोजायचे. आकडा जुळला की "खलास!" म्हणून मिशीवरून हात फिरवायचे.

अशा माणसानं ईदच्या सुट्टीत फरासान बेटांवर जायची टूम काढली, तेव्हा आम्ही चाटच पडलो. आमचं जुबैल आखाताच्या काठावर, आणि फरासान देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, तांबड्या समुद्रात, जाझानहून बोटीनं तासाभरावर. नावावर करायचे ते सगळे विनोद आम्ही विमानतळावरच संपवून टाकले.

या सहलीचं कारण सुमनवहिनी होत्या, साहेबांची बायको. वहिनींची नजर कडेकडेनं विझत चालली होती. समोरचं दिसे, बाजूचं पुसलेलं. समोरचंही फार तर वर्ष-दोन वर्षं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्या बायकोला त्या म्हणाल्या होत्या, "मला एकदा समुद्रातले रंगीत मासे बघायचेत गं. काचेच्या टाकीतले नकोत, त्यांच्या घरातले." साहेब तेव्हा शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नव्हतं म्हणे.

तीन घरं मिळून नऊ नग निघालो. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. साहेबांच्या हातात शिवाय रंगाची एक रिकामी बादली, पिशवीत गुंडाळून दोरीनं आवळलेली. "हे काय?" विचारलं तर म्हणाले, "इमर्जन्सी."

फेरी बेटाच्या धक्क्याला लागताना भोंगा झाला. प्लांटमध्ये भोंगा झाला की हातातलं टाकून जमायच्या जागी जायचं असतं. मी आणि देसाई, आम्ही दोघे प्लांटमधलेच इंजिनियर, बॅगा तिथंच टाकून डेकवरच्या एका खांबाखाली जाऊन उभे राहिलो! बायकांनी कपाळाला हात लावला. साहेब मात्र घड्याळ बघून म्हणाले, "शाब्बास. अकरा सेकंद."

बेटं दृष्ट लागावी अशी. खारफुटीतून नाव जाते तेव्हा दोन्हीकडच्या फांद्या अंगाला घासतात. सकाळी माळावर हरणं उभी दिसतात. आमच्या बांगलादेशी नावाड्याचं एकच पालुपद, "माफी मुश्किल!" म्हणजे काही अडचण नाही. साहेब मला हळूच म्हणाले, "ज्याला काहीच मुश्किल नाही, त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायचं." आणि त्यांनी नावेतली जाकिटं दोनदा मोजली.

पण वहिनींनी पाण्यात उतरायचं म्हटलं की परमिट नाही! पहिल्या दिवशी, "वारा आहे." दुसऱ्या दिवशी, "तळ तपासलेला नाही." आम्ही डुंबलो, पोरं डुंबली. वहिनी वाळूवर बसून आमच्याकडून माशांची वर्णनं ऐकत होत्या. आणि साहेब? जेवण झालं की गायब.

दुसऱ्या संध्याकाळी माझा तोल गेला. "साहेब, उद्या दुपारी परतीची फेरी आहे. वहिनींना मासे दाखवायला आणलंत की वाळू? तुमच्या परमिटाची वाट बघता बघता नजर जायची त्यांची!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सकाळी सात. सगळे नग."

सकाळी गेलो तर किनाऱ्यापासून आत प्रवाळाच्या खडकापर्यंत पांढरी दोरी ताणलेली. जागोजागी लोखंडी खुंट्या. साहेबांच्या दोन्ही पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या. मी नावाड्याकडे बघितलं.

"दो दिन से साहब दोपहर को पानी में चलता," तो म्हणाला. "पाँव से देखता, काँटा किधर, गड्ढा किधर. तैरना मालूम नहीं! मेरे को बोला, तू रस्सी पकड़ के खड़ा रह."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी खिशातून कागद काढून माझ्यापुढं धरला. "साक्षीदार म्हणून सही कर." प्लांटसारखंच परमिट, हातानं आखलेलं. कामाचं स्वरूप: सुमनला मासे दाखवणे. खोली: कमरेपर्यंत. धोके: काटे, खड्डे, नवऱ्याची घाई.

"साहेब, परमिट बंद करायची वेळ लिहायची राहिलीय."

"राहिली नाही. मुद्दाम मोकळी ठेवलीय."

मग पिशवी सुटली. बादलीचं बूड कापून तिथं पारदर्शक प्लॅस्टिक सिलिकॉननं पक्कं बसवलेलं होतं. एका हातात बादली, दुसऱ्यात वहिनींचा हात, असे ते दोरीच्या कडेनं निघाले. खडकाशी त्यांनी बादली पाण्यावर टेकवली. वहिनी वाकल्या. बादलीच्या बाहेरचं त्यांना तसंही दिसत नव्हतंच. आत होतं ते मात्र सगळं दिसत होतं.

"अगंबाई! पिवळा! आणि हा निळा... अहो, हा तर दगड खातोय! कुरकुर ऐकू येतेय!"

"किती नग?" साहेबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"मोजता नाही येत हो! सारखे हलतात."

मग साहेबांचा आवाज आला, आम्ही आजवर कधी न ऐकलेला.

"राहू दे. मोजू नकोस. तू बघ."

फेरीला अजून पुष्कळ वेळ होता. वहिनींनी बादलीतून मान वर काढली नाही, आणि साहेबांनी त्यांचा हात सोडला नाही.